गाडी येते, लायसन्स नाही : हेवी लायसन्सची सरळ वाट

कॉटन ग्रीन स्टेशनबाहेर चहा घेताना माझा एक माजी विद्यार्थी भेटला. वय बावीस. दहावीनंतर शाळा सुटली, घरची परिस्थिती बेताची, मामांच्या ओळखीने ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. चार वर्षं झाली. मी विचारलं, "अजून क्लीनरच? ड्रायव्हर कधी होणार?" तो हसला आणि म्हणाला, "सर, गाडी येते मला. भिवंडीपर्यंत रात्री मीच नेतो, उस्ताद मागे झोपतात. फक्त लायसन्स नाही."

हे त्याने सहज सांगितलं, पण माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण पुढचं त्याने हळू आवाजात सांगितलं. गेल्या रमजानमध्ये सहेरीच्या सुमाराला त्याच्या हातून एका उभ्या टेम्पोला धडक बसली. सुदैवाने टेम्पोत कुणी नव्हतं. पोलिसांत प्रकरण गेलं नाही, तिथल्या तिथे मिटवलं. नुकसानभरपाईपोटी त्याचा दोन महिन्यांचा पगार कापला गेला. "टेम्पोत कुणी झोपलेलं असतं तर?" मी विचारलं. तो काही बोलला नाही.

आपल्या समाजात ट्रक, टेम्पो, टॅक्सीवर पोट असलेली घरं किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांच्या वडिलांच्या व्यवसायासमोर 'ड्रायव्हर' लिहिलेलं असतं. तरीही हेवी लायसन्स कसं काढायचं, किती खर्च येतो, वय किती लागतं, हे नीट माहीत असलेले पालक मला फार थोडे भेटले. बहुतेकांचं उत्तर एकच, "एजंटला सांगायचं, तो करतो." म्हणून हा लेख. मी शिक्षक आहे, आरटीओतला माणूस नाही. पण त्या मुलासाठी मी कायदा वाचला, चार ठिकाणी विचारलं, त्याच्याबरोबर फेऱ्या मारल्या. त्यातून जे कळलं ते इथे देतो.

आपला भाग आणि ट्रक

कॉटन ग्रीन हे नावच कापसावरून पडलं. पूर्वी मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याला होता. तो गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात इकडे, बंदराच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला. गोदामं उभी राहिली, रेल्वेच्या साइडिंग आल्या, कॉटन एक्स्चेंजची इमारत आली. कापूस गेला, गिरण्या गेल्या, पण रे रोडपासून शिवडीपर्यंत गोदामं, दारूखाना, लाकडाच्या वखारी आणि रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकच्या रांगा अजून आहेत. कंटेनरचं मोठं काम १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराकडे गेलं आणि गोदामांचा जोर भिवंडी, पनवेलकडे सरकला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीहून न्हावा शेवा समुद्रावरून सुमारे बावीस किलोमीटरवर आलं.

म्हणजे काम संपलं नाही, त्याची जागा बदलली. आता मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत गेटवरच लायसन्स तपासतात, त्याची नोंद ठेवतात. "गाडी येते" एवढ्यावर तिथे आत सोडत नाहीत.

कुठल्या गाडीला कुठलं लायसन्स?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलकं मोटार वाहन म्हणतात. आपण ज्याला कारचं लायसन्स म्हणतो, ज्यावर एलएमव्ही लिहिलेलं असतं, ते या वर्गाचं.

प्रश्न असा होता की एलएमव्ही लायसन्सवर छोटा हत्ती, पिकअप, ४०७ सारखी मालवाहू गाडी चालवता येते का? विमा कंपन्या म्हणायच्या, ही धंद्याची गाडी आहे, त्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद हवी. त्यावरून अपघाताचे कितीतरी दावे अडले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन खटल्यात ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला. त्यावरही वाद चालू राहिला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायम केला : गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

हे वजन म्हणजे रिकाम्या गाडीचं नाही. गाडी आणि भरलेला माल मिळून जी मंजूर मर्यादा असते ती. आरसीवर ती किलोत लिहिलेली असते. गाडीवर बसण्याआधी तो आकडा स्वतः वाचा. मालकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

वजन ७५०० किलोच्या वर गेलं, म्हणजे सहाचाकी ट्रक, दहाचाकी, टँकर, कंटेनर, की मग लायसन्सवर ट्रान्सपोर्ट वाहनाची नोंद लागते. यालाच आपण हेवी म्हणतो. आणखी एक गैरसमज बॅजबद्दल आहे. बॅज प्रवासी नेणाऱ्यांना लागतो : टॅक्सी, रिक्षा, बस. फक्त माल नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला बॅजची गरज नाही. मात्र उद्या एसटी किंवा बेस्टमध्ये जायचं मनात असेल तर बॅजही लागेल.

वयाचा हिशेब

पालकांनो, हा हिशेब वहीत लिहून ठेवा.

अठरा वर्षं पूर्ण झाली की कारचं शिकाऊ, म्हणजे लर्निंग लायसन्स काढता येतं. ते सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पक्कं एलएमव्ही हातात आल्यावर निदान एक वर्ष थांबावं लागतं. कायद्याच्या कलम ७ मध्येच ते आहे : हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष असल्याशिवाय ट्रान्सपोर्ट वाहनाचं लर्निंग मिळत नाही. आणि कलम ४ प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय वीस लागतं.

म्हणजे अठराव्या वर्षी जो मुलगा कारचं लायसन्स काढेल, तो विसाव्या वर्षी हेवीला तयार असेल. जो बाविसाव्या वर्षापर्यंत नुसता क्लीनर राहील, त्याचं वर्ष तिथून मोजायला सुरू होईल. माझ्या विद्यार्थ्याचं हेच झालं. चार वर्षं गाडीवर घालवली, पण कारचं लायसन्स काढलं नव्हतं. त्याला वाटायचं की हेवी काढलं की सगळंच आलं, मधली पायरी कशाला? ती मधली पायरी कायद्याने चुकवता येत नाही. तेव्हा ज्यांची मुलं आज सतरा-अठराची आहेत आणि या धंद्यात जाणार हे दिसतंय, त्यांनी अठराव्या वाढदिवसानंतर लगेच पहिलं लर्निंग काढून घ्यावं.

अठराच्या आतल्या मुलाच्या हातात स्टिअरिंग देऊ नका, चाळीत गाडी मागेपुढे करण्यासाठीसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगही मिळत नाही. एका रात्रीच्या हौसेपायी सात-आठ वर्षांची रोजी बंद.

शिक्षणाची अट : गेली, पण...

आधी नियम असा होता की ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पास लागते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. त्यामागची गोष्ट आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. हरियाणातल्या मेवात भागातून ही मागणी आली होती. तिथली मोठी वस्ती मेव मुसलमानांची, शिक्षण कमी आणि कित्येक घरांची रोजी ड्रायव्हिंगवर. गाडी उत्तम येते, पण आठवीचा दाखला नाही म्हणून लायसन्स नाही, अशी माणसं तिथे खूप होती. त्यांच्यासाठी हरियाणा सरकारने सवलत मागितली आणि शेवटी ती अटच देशभरातून गेली.

शिक्षक म्हणून मला विचाराल तर ज्या प्रौढ माणसाची रोजी अडली होती त्याच्यासाठी हे चांगलं झालं. पण जो आज माझ्या वर्गात सातवीत बसलाय त्याने यातून "मग शाळा कशाला" असा अर्थ काढू नये. ड्रायव्हरला आज ई-वे बिल वाचावं लागतं, पावतीवरचे नग मोजून सही करावी लागते, मोबाइलवर नकाशा आणि फास्टॅगचा हिशेब बघावा लागतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर दुसऱ्याची तूट लागते. एसटीसारख्या नोकरीत तर शिक्षणाची अट असतेच. उर्दू माध्यमाच्या मुलांना माझं खास सांगणं : मराठी नीट वाचायला शिका. आरटीओचा फॉर्म, पोलिसांचा पंचनामा, गोदामातली सूचना, सगळं मराठीत येतं.

कागदपत्रं आणि पायऱ्या

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर भरायचा. तो मोबाइलवरूनही भरता येतो. कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडीचा भाग ताडदेवच्या आरटीओकडे येतो, म्हणजे एमएच ०१. वडाळ्याचं कार्यालय आपल्याला जवळ पडतं, म्हणून बरेच जण तिथे जातात. पण ते पूर्व उपनगरांचं, एमएच ०३ चं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कुठल्याही लायसन्स प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायची मुभा दिली आहे. तरी आधी पोर्टलवर कार्यालय नीट निवडा, मगच अपॉइंटमेंट घ्या.

पहिली पायरी वैद्यकीय दाखला. कारसाठी चाळिशीच्या आतल्या माणसाला स्वतःचं घोषणापत्र पुरतं. ट्रान्सपोर्टसाठी मात्र डॉक्टरने तपासून दिलेला नमुना १-अ लागतोच, वय काहीही असो. त्यात मुख्य तपासणी डोळ्यांची. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा चालतो. माझं मत असं की फॉर्म भरायच्या आधीच मुलाचे डोळे तपासून घ्या. शाळेत मी पाहतो, फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं असतात आणि घरी कुणाला कल्पनाच नसते. तेच मूल पुढे रात्री घाटात गाडी चालवणार.

दुसरी पायरी ट्रान्सपोर्टचं लर्निंग. ज्याच्याकडे पक्कं एलएमव्ही आहे त्याला संगणकावरची प्रश्नांची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. ती पहिल्या वेळीच झालेली असते आणि तिथे निदान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात.

तिसरी पायरी प्रशिक्षण. ही फार महत्त्वाची. कारच्या टेस्टला स्वतः शिकून गेलं तरी चालतं. ट्रान्सपोर्टसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५ चं प्रमाणपत्र लागतं. नियमाप्रमाणे हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान पंधरा तासांचं. स्कूलने तुमच्या नावाची नोंदवही ठेवायची असते, रोज किती तास गाडी चालवली ते त्यात लिहायचं असतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : हेवीची मान्यता आहे का, स्कूलची स्वतःची हेवी गाडी आहे का, आणि टेस्टच्या दिवशी ती गाडी तुम्ही देणार का. कारण टेस्ट त्याच वर्गाच्या गाडीवर होते.

काही ठिकाणी "यायची गरज नाही, सर्टिफिकेट तयार ठेवतो" असं सांगतात. तिथून उठा. पंधरा तास ही काही उपकाराची गोष्ट नाही, ते तुमच्या पैशाचं आहे. ज्याला आणखी पक्कं शिकायचं आहे त्याच्यासाठी पुण्यात भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. ड्रायव्हर प्रशिक्षणात तिचं नाव मोठं आहे.

चौथी पायरी टेस्ट. लर्निंगनंतर तीस दिवस झाल्यावर. मोटार वाहन निरीक्षक काय बघतो? आरसे लावून, बघून गाडी सुरू करणं, गिअर धक्का न बसता बदलणं, चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा उठवणं, उतारावर वेळेत खालचा गिअर टाकणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, इशारे देणं आणि अचानक थांबवणं. माझा विद्यार्थी चार वर्षं गाडी चालवत होता तरी पहिल्या वेळी रिव्हर्समध्ये नापास झाला. "सर, रिव्हर्सला नेहमी उस्तादच उतरून हात दाखवायचे," तो म्हणाला. हायवेवर सरळ गाडी नेणं आणि गाडी येणं यात फरक आहे, हे त्याला तिथे कळलं. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीन वेळा नापास झाल्यावर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. तो दुसऱ्या वेळी पास झाला.

सरकारी फी किती?

केंद्राच्या नियमांप्रमाणे लर्निंगचे प्रत्येक वर्गाला १५० रुपये, टेस्टचे ३००, आणि आधीच्या लायसन्सवर नवा वर्ग वाढवायचे ५००. स्मार्ट कार्ड आणि टपाल धरून सरकारकडे जाणारी रक्कम हजार-बाराशेच्या आसपास. मोठा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा, आणि तो स्कूलप्रमाणे बदलतो. दोन-तीन ठिकाणी विचारून मगच ठरवा. पोर्टलवर भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळते. ज्या पैशाची पावती नाही तो लायसन्सचा खर्च नाही.

एजंटचं कार्ड

आता त्या मुलाच्या गोष्टीतला मधला भाग. टेम्पोची धडक झाल्यावर तो घाबरला आणि एका एजंटकडे गेला. एजंट म्हणाला, टेस्ट नाही, स्कूल नाही, वर्षाची अट नाही, दुसऱ्या राज्याचं हेवी महिन्यात हातात देतो. वडिलांनी उधार-उसनवार करून पैसे दिले. कार्ड आलं. दिसायला अगदी खरं. मी त्याला म्हटलं, चल, नंबर टाकून बघू. सारथीवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली. त्या नंबरावर काहीच निघालं नाही. पुन्हा टाकला. नाहीच. एजंटचा फोन तेव्हापासून बंद.

त्याचे वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्टरसाहब, पैसा गेला तो गेला, पण हे कार्ड घेऊन पोरगा महिनाभर फिरत होता." त्यांना जे टोचलं ते बरोबर टोचलं. खोटं लायसन्स बाळगणं हा बनावट कागदपत्राचा गुन्हा होतो. लायसन्स नसण्यापेक्षा ते वाईट. म्हणून नियम एकच : कुणाकडूनही कार्ड हातात आलं की त्याच दिवशी सारथीवर तपासा. खरं असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्येही दिसेल, आणि तिथलं लायसन्स रस्त्यावर दाखवलं तरी ते कायद्याने चालतं.

लायसन्स नसताना गाडी चालवली तर

कलम १८१ प्रमाणे विनालायसन्स चालवणाऱ्याला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १८० प्रमाणे ज्याने गाडी चालवायला दिली त्या मालकालाही तेवढंच. पण खरी भीती दंडाची नाही.

अपघातात कुणी गेलं, जखमी झालं आणि गाडीवर ज्याच्याकडे योग्य लायसन्स नाही असा माणूस होता, तर विमा कंपनी बचाव घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालानंतर बऱ्याच प्रकरणांत असं होतं की पीडितांना पैसे आधी कंपनी देते, पण मग ते गाडीमालकाकडून वसूल करते. ही रक्कम लाखांत असते. मालक मग हात कुणावर टाकतो हे सांगायला नको. आणि क्लीनर म्हणून कामाला असलेला मुलगा स्टिअरिंगवर होता हे कळलं की ज्या उस्तादाने त्याला बसवलं तोसुद्धा "मी सांगितलं नव्हतं" म्हणतो. आमच्या मुलाच्या बाबतीत हेच झालं.

उस्ताद लोकांनाही हात जोडून सांगणं आहे. तुम्ही शिकवता, ही मोठी गोष्ट. पण आधी पोराचं लर्निंग काढा, पुढेमागे लाल अक्षरात 'एल' लावा आणि त्याच्या बाजूला जागे बसा. लर्निंगवाल्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, हा नियम आहे. मागे झोपलेला उस्ताद त्यात धरला जात नाही.

टँकर आणि धोकादायक माल

माहूल, ट्रॉम्बे जवळ असल्यामुळे आपल्याकडच्या कित्येकांना टँकरवर काम मिळतं. पेट्रोल, गॅस, रसायनं नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. कोर्स तीन दिवसांचा असतो : कुठल्या चिन्हाचा अर्थ काय, गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर काय करायचं नाही. या लायसन्सची मुदत तीन वर्षं आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी. हा कोर्स कागदापुरता करू नका. टँकर उलटल्यावर जो माणूस सगळ्यात जवळ असतो तो ड्रायव्हरच.

नोकरी धरताना काय विचारायचं

लायसन्स आलं की पहिली नोकरी घाईत धरली जाते. मी मुलाला एका कागदावर प्रश्न लिहून दिले होते, तेच इथे देतो.

पगार महिन्याचा की फेरीचा? जेवणाचा भत्ता वेगळा की त्यातच? टोल, पंक्चर, चलान कुणी भरायचं? माल कमी निघाला तर पैसे कुणाचे कापणार? गाडीच्या विम्यात ड्रायव्हर-क्लीनरचा समावेश आहे का? फिटनेस, परमिट, पीयूसी चालू आहे का?

कामाचे तास : २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी अशी तरतूद होती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्टला तो लागू होता. रस्त्यावर हे किती पाळलं जातं ते आपण सगळे जाणतो. पण आपला हक्क काय आहे हे माहीत असलेला माणूस निदान "झोप आली आहे, गाडी बाजूला लावतो" एवढं तरी ठामपणे म्हणू शकतो. केबिनबद्दल एक चांगली बातमी : आता नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे.

माल चढवणं-उतरवणं हे माथाडींचं काम आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे. ड्रायव्हरकडून ते फुकटात करून घेणं बरोबर नाही. ओव्हरलोडला कायद्यात वीस हजार आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. "मालक बघून घेईल" म्हणतात, पण घाटात ब्रेक लागला नाही तर मालक तिथे नसतो.

अपघात झालाच तर? कलम १३४ सांगतं की जखमीला दवाखान्यात पोचवणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल, जिवाला धोका असेल तर तिथे थांबायची सक्ती नाही, पण मग जवळचं पोलीस ठाणं गाठायचं आणि २४ तासांच्या आत कळवायचं. पळून जाणं आणि जीव वाचवून ठाण्यात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर चक्का जाम केला तो याच प्रश्नावर. न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अपघातानंतर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. तरीही फोन करून कळवायची सवय लावा. त्यात जखमीचाही जीव वाचतो आणि तुमचाही.

मुदत विसरू नका

ट्रान्सपोर्ट लायसन्स आता पाच वर्षांचं असतं. आधी तीन होतं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत संपली त्याच दिवसापासून तुम्ही विनालायसन्स आहात. एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर पुन्हा टेस्ट. घरात जो लिहिता-वाचता आहे त्याने वडिलांच्या, भावाच्या लायसन्सची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. हे काम घरातली मुलगी उत्तम करते, असा माझा अनुभव आहे.

आणि मुलींवरून आठवलं : हा धंदा फक्त पुरुषांचा, असंही समजू नका. आपल्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याचं शिक्षण घेऊन, पतीच्या निधनानंतर ट्रकवर बसल्या आणि देशभर माल पोचवला. लायसन्सच्या अर्जात स्त्री-पुरुषांना अट एकच आहे.

शेवटी

त्या मुलाने आधी कारचं लायसन्स काढलं. पूर्ण एक वर्ष थांबला. त्या वर्षात तो क्लीनरच राहिला, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. उस्ताद रागावले, "आता मोठा साहेब झालास," म्हणाले. नंतर त्याने तीस दिवस स्कूल केलं, दोन वेळा टेस्ट दिली. आज त्याच्या खिशात स्वतःच्या नावाचं खरं हेवी आहे आणि पनवेलजवळच्या एका गोदामातून तो गाडी काढतो. मागच्या जुम्याला नमाजनंतर भेटला. मी विचारलं, "काय फरक पडला?" तो म्हणाला, "सर, आता नाक्यावर पोलीस दिसला तर ब्रेकवर पाय जात नाही."

तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल ज्याला गाडी येते पण लायसन्स नाही, त्याला हा लेख वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर बाजूला बसून सारथीवर त्याचा पहिला अर्ज भरून द्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.